खालून वर गेलेली गोष्ट : कामाच्या ठिकाणचे अनुभव

एकच कामाची जागा दोन ठिकाणांहून वेगळी दिसते. जे ग्राहकासमोर, रुग्णाशेजारी, यंत्रापाशी उभे असतात त्यांच्यासमोर काम असतं. जे निर्णय घेतात त्यांच्यासमोर अहवाल असतो. हा फरक राहणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न पुढचा आहे. खालच्या माणसाला दिसलेली गोष्ट वर पोहोचतच नाही, किंवा पोहोचेपर्यंत ओळखू न येण्याइतकी बदलते, तेव्हा काय होतं?

२७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी हेच घडलं. चॅलेंजर अवकाशयानाचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी फोनवरच्या बैठकीत सांगितलं की एवढ्या थंडीत उड्डाण नको. बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली भरवशाची राहत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. नासाच्या अधिकाऱ्यांना ते पटलं नाही आणि थायोकोलच्या व्यवस्थापकांनी आपल्याच अभियंत्यांचा सल्ला फिरवला. दुसऱ्या दिवशी यान उडालं, ७३ सेकंदांत फुटलं आणि सात जणांचा जीव गेला. नंतर चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने नोंदवलं की उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना त्या मूळ लेखी शिफारशीची कल्पनाच नव्हती. म्हणजे सांगणारे होते, त्यांनी कारणासकट सांगितलंही होतं. गोष्ट वाटेत अडली.

आपल्यातल्या बहुतेकांच्या कामात इतकं मोठं काही पणाला लागलेलं नसतं, पण वाट तीच असते. म्हणून हा धागा. तुम्ही कामाच्या ठिकाणी एखादी गोष्ट वर सांगितलीत, तिचं पुढं काय झालं ते लिहा. कुणी ऐकली, कुठं अडकली, सांगणाऱ्याला काय भोगावं लागलं किंवा काय मिळालं. वरच्या जागेवर बसणाऱ्यांनीही जरूर लिहावं. संस्थेचं नाव नको, माणसांची नावं नकोत. 'साहेब वाईट आहेत' एवढ्यावर थांबू नका. साहेब बदलूनही तेच होत असेल तर का होतं, ते मला समजून घ्यायचं आहे.

परिचारिका, सर्जरी वॉर्ड

आमच्याकडे कागदी चार्ट जाऊन संगणकावरची नोंद आली तेव्हाची गोष्ट सांगते. संगणक ठेवले नर्सिंग स्टेशनवर आणि खाटा लांब. औषध दिलं की त्याच क्षणी नोंद करायची, असा नियम. रात्री दोघींवर पूर्ण वॉर्ड असताना प्रत्येक इंजेक्शननंतर स्टेशनपर्यंत जाऊन यायचं म्हणजे पेशंटपेक्षा कॉरिडॉरलाच जास्त वेळ द्यायचा. मग सगळ्या वॉर्डांत जे झालं तेच आमच्याकडे झालं. चिठ्ठीवर वेळ लिहून ठेवायची आणि औषधांची फेरी संपली की बसून एकदम नोंदी करायच्या. संगणकाला मात्र नोंद केल्याची वेळ हीच औषध दिल्याची वेळ वाटते. महिनाअखेरीला तक्ता वर गेला आणि त्यात दिसलं की आमच्या वॉर्डात औषधं उशिरा दिली जातात. वरून पत्रक आलं, सिस्टरांनी वेळेचं नियोजन शिकावं.

मेट्रन मॅडमना आम्ही हे आधीच सांगितलं होतं. त्यांनी पुढं लिहिलंही होतं. उत्तर म्हणून आल्या त्या प्रशिक्षणाच्या तारखा. फरक पडला तो अधीक्षकांच्या कार्यालयातल्या एका डॉक्टर मॅडमनी अख्खी रात्रपाळी आमच्याबरोबर काढल्यावर. त्यांनी फार काही विचारलं नाही, नुसत्या आमच्यामागून चालत राहिल्या. त्यानंतर चाकांच्या ट्रॉलीवरचे संगणक आले, खाटेशी नेता येणारे. काम सोपं झालं याचं समाधान आहेच. पण एक गोष्ट मला अजून सलते. आम्ही तोंडी आणि लेखी जे सांगत होतो, नेमकं तेच त्या मॅडमनी सांगितलं. त्यात नवी माहिती काहीच नव्हती, फक्त बोलणारं माणूस बदललं होतं.

चुका कळवण्याबद्दलही लिहायला हवं. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. तिने काढलेला अर्थ असा, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या उघडपणे बोलल्या जात होत्या. ज्या वॉर्डात सिस्टर ओरडा खाते, तिथला तक्ता स्वच्छ दिसतो. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळतं. ज्या काळात आमच्याकडे इन्सिडेंट रिपोर्ट लिहिणाऱ्या मुलीलाच आधी खुलासा मागत, त्या काळात रिपोर्ट जवळपास बंद झाले होते. ते बघून वर सगळे समाधानी होते.

ऑपरेशन थिएटरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट २००८ मध्ये आली. चीर देण्याआधी हजर असलेल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हा त्यातला एक मुद्दा. आठ शहरांतल्या रुग्णालयांत केलेल्या पहिल्या अभ्यासात मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. कागद तोच असतो, पण सर्जन कोण यावर सगळं ठरतं. एक सर खरंच थांबायचे, सगळ्यात नव्या मुलीलाही नावाने हाक मारायचे. त्यांच्या टेबलावर 'सर, मोजताना रक्त टिपायचा एक स्वाब कमी भरतोय' असं म्हणायला कुणी कचरत नसे. दुसरीकडे ऑपरेशन संपल्यावर सगळ्या चौकटींत एकदम टिक होते. दोन्ही फायली वर सारख्याच दिसतात.

कॉल सेंटर

सिस्टरांनी तक्त्याचं लिहिलं म्हणून लिहितो. आमचं आयुष्य एएचटीवर चालतं, म्हणजे एका कॉलला सरासरी किती वेळ लागला त्यावर. ठरावीक मिनिटांच्या वर गेलं की आकडा लाल. आता म्हातारा माणूस फोनवर असेल, त्याला स्क्रीनवर कुठं दाबायचं ते दिसत नसेल, तर वेळ लागणारच. हातात दोनच गोष्टी असतात. एक, त्याचं काम पूर्ण करायचं आणि टीम लीडरचं बोलणं ऐकायचं. दोन, 'तुमची तक्रार नोंदवली आहे, २४ तासांत संपर्क होईल' म्हणून ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी तो परत फोन करतो. तो कॉल दुसऱ्या कुणाकडे जातो आणि वर नवीन कॉल म्हणून मोजला जातो. आमची सरासरी सुधारली आणि कॉलची संख्या वाढली. वरच्यांना वाटलं धंदा वाढतोय.

मी टीम लीडरला विचारलं की एकाच नंबरवरून परत आलेले कॉल मोजता येतील का. तो म्हणाला, मलाही माहीत आहे, पण माझा पगारवाढीचा आकडाही एएचटीवरच आहे. हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून मला तो आवडतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम सांगतात, १९७५ सालचा. मोजमाप हेच ध्येय झालं की ते चांगलं मोजमाप उरत नाही. चलनविषयक धोरणाबद्दल मांडलेला हा विचार आमच्या फ्लोअरवर रोज खरा ठरतो.

एक कर्मचारी

थोडक्यात. दरवर्षी कर्मचारी समाधानाचं सर्वेक्षण होतं. वर लिहिलेलं असतं, उत्तरं निनावी राहतील. पुढचे प्रश्न असे : विभाग, वयोगट, स्त्री की पुरुष, नोकरीची वर्षं. आमच्या विभागात त्या वयोगटातली बाई मी एकटीच आहे. मी सगळीकडे 'समाधानी' भरते. आमच्या मजल्यावर सगळे तेच करतात आणि निकाल वाचून दाखवायला मोठी सभा भरते.

कारखाना, असेंब्ली लाइन

आमच्या लाइनवर दोरी आहे. काही चुकलं की ती ओढायची, दिवा लागतो, गरज पडली तर लाइन थांबते. ही टोयोटाची पद्धत, अँडॉन म्हणतात. आमच्या जुन्या प्लँट हेडनी ती कुठल्यातरी दौऱ्यानंतर आणली. दोरी लागली, दिवे लागले, आलेल्यांना दाखवायला चांगली सोय झाली. आणि मग पहिल्यांदा एका पोराने ती ओढली. बोल्टचा आटा पकडत नव्हता. सुपरवायझर धावत आला आणि विचारलं, 'कुणी ओढली?' काय झालंय, हे नंतर.

बास. त्यानंतर महिनोन्‌महिने कुणी हात लावला नाही. सैल बोल्ट पुढं जायचा, शेवटच्या तपासणीत रिजेक्ट व्हायचा, रिवर्कला म्हणजे दुरुस्तीला जायचा. रिवर्कचा ढीग लाइनच्या मागच्या बाजूला, साहेबांच्या फेरीच्या रस्त्यावर येत नाही असा. त्यामुळे वर गेलेल्या आकड्यात लाइन कधीच थांबली नव्हती.

नवे प्लँट हेड आले तेव्हा त्यांनी पहिले काही दिवस ऑफिसऐवजी लाइनवरच काढले. ते बोल्टच्या स्टेशनपाशी उभे होते तेव्हा त्याच पोराला पुन्हा अडचण आली. त्याने दोरीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि बोल्ट पुढं जाऊ दिला. साहेबांनी स्वतः दोरी ओढली. लाइन थांबली. सगळा शेड गप्प. साहेब त्याला एवढंच म्हणाले, 'दाखव मला काय होतंय.' दोघांनी मिळून जिग, म्हणजे भाग जागेवर धरणारा साचा, उघडला, मार्गदर्शक पिन झिजलेली निघाली. पिन किरकोळ, पण तिच्यामुळे होणारा रिवर्क फार मोठा होता.

पुढं त्यांनी एक नियम केला. दोरी ओढली की सुपरवायझरने जाऊन आधी आभार मानायचे, मग विचारायचं. सुरुवातीला सुपरवायझरांना ते जड गेलं. म्हणायचे, आभार कसले, काम थांबलंय. पण पहिल्या आठवड्यात साहेब स्वतः प्रत्येक दिव्यामागे जात होते, त्यामुळे इलाज नव्हता. दोरी ओढण्याचं प्रमाण एकदम वाढलं. मुख्य कार्यालयातून विचारणा आली की तुमच्या प्लँटची स्थिती बिघडली का. साहेबांनी ते पत्र आम्हाला वाचून दाखवलं आणि उत्तरही वाचून दाखवलं : बिघाड पूर्वीही होते, आता ते कळतात.

अमेरिकेत फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. तो इतका बेशिस्तीचा आणि वाईट दर्जाचा म्हणून प्रसिद्ध होता की १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच परत उघडला, न्युमी नावाने. कामगार बहुतेक जुनेच आणि संघटनाही तीच. फरक म्हणजे आता कुणीही कामगार लाइन थांबवू शकत होता. काही काळातच तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या कारखान्याच्या जवळ गेला. 'आपले कामगारच तसले' असं कुणी म्हणालं की मला फ्रीमाँट आठवतं.

खरेदी विभाग

सगळे अनुभव वाचले. पटले. तरीही एक वेगळी बाजू मांडतो. प्रत्यक्ष काम करणाऱ्याला त्याची जागा नीट दिसते, म्हणजे सगळी संस्था दिसते असं नाही. आमच्याकडे देखभालीच्या लोकांचा आग्रह होता की सुटे भाग अमुक पुरवठादाराकडूनच घ्या, तोच वेळेवर देतो. त्यांचं म्हणणं खरं होतं. पण त्या पुरवठादाराची आर्थिक अवस्था डळमळीत होती हे आम्हाला कळलं होतं आणि ते जाहीर करणं शक्य नव्हतं. आम्ही नकार दिला. खाली संदेश गेला तो फक्त 'मंजूर नाही' एवढाच.

सांगण्यासारखं होतं की. 'दुसरा पुरवठादार असणं गरजेचं आहे, कारण एकावर अवलंबून राहण्यात धोका दिसतो,' एवढं तरी लिहिता आलं असतं. कारण दिलं नाही की खालच्या माणसाकडे निष्कर्ष एकच उरतो, की वरच्यांना कळत नाही किंवा त्यांचे हात बरबटलेले आहेत. नकार द्यायला हरकत नाही, पण गप्प बसून दिलेला नकार पुढच्या दहा चांगल्या सूचना मारतो. या धाग्यात प्रत्येक अनुभवात खालचा माणूसच बरोबर निघावा अशी अपेक्षा आपण ठेवू नये. तो चुकीचा असला तरी त्याला पूर्ण उत्तर मिळायला हवं.

मधल्या पायरीवरची व्यवस्थापक

मला जास्त लिहायचं आहे, कारण आमच्याबद्दल कुणी लिहीत नाही. खालच्यांना वाटतं आम्ही वरच्यांचे, वरच्यांना वाटतं आम्हाला खालच्यांना सांभाळता येत नाही.

प्रकल्पाचा साप्ताहिक अहवाल रंगांत जातो. हिरवा, पिवळा, लाल. माझ्या टीममधला मुलगा सांगतो, हे तारखेला होणार नाही. मी लाल लावते. माझे वरिष्ठ म्हणतात, अजून अवकाश आहे, पिवळा ठेवू, लाल लावला तर रोज बैठक लागेल आणि त्यातच तुझी टीम अडकेल. हे खोटं नाही. लाल लावल्यावर मदत येत नाही, बैठका येतात. त्यांचे वरिष्ठ पुढं पाठवताना दहा प्रकल्पांचा मिळून एक रंग काढतात आणि तो हिरवा निघतो. या सगळ्यात एकही माणूस खोटं बोललेला नाही. प्रत्येकाने थोडं थोडं सौम्य केलं. आणि ठरलेल्या तारखेला काम झालं नाही तेव्हा वरून खरोखरच्या आश्चर्याने विचारणा झाली : आम्हाला आधी का सांगितलं नाही?

ॲलन मुलाली २००६ मध्ये फोर्डचे प्रमुख झाले. कंपनी त्या वर्षी १२ अब्ज डॉलरहून जास्त तोट्यात गेली आणि साप्ताहिक बैठकीत सगळ्या अधिकाऱ्यांचे तक्ते हिरवे. मुलालींनी विचारलं, आपण अब्जावधी गमावतोय, काहीच बिघडलेलं नाही का? मग एका बैठकीत मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या उत्पादनाबद्दल लाल तक्ता दाखवला. सगळे श्वास रोखून बसले, आता याची नोकरी जाणार. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि इतरांना विचारलं, याला कोण मदत करेल? त्यानंतर इतरांचेही तक्ते रंगीत होऊ लागले. पुढं मुलालींनंतर कंपनीचे प्रमुख झाले ते फील्ड्सच.

मी माझ्या टीमपुरतं एक केलं आहे. लाल लावणाऱ्याला त्या आठवड्यात मी जादा बैठकीला बोलावत नाही, मी त्याच्या जागेवर जाते. वर काय पाठवायचं ते माझ्या हातात पूर्णपणे नाही. पण आता मी रंगाखाली टीमने सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत लिहिते. रंग बदलला तरी वाक्य बदलायला लोक थोडे संकोचतात. मधल्या पायरीवरच्या कुणाला दुसरे उपाय सापडले असतील तर लिहा, मला हवे आहेत.

सफाई विभाग, कंत्राटी

माझी मुलगी हे टाइप करून देते आहे.

आम्ही मोठ्या ऑफिसात काम करतो, पण आम्ही त्या ऑफिसचे नाही. आमचं कार्ड वेगळ्या रंगाचं. आमचा पगार ठेकेदार देतो. काही सांगायचं तर ठेकेदाराच्या सुपरवायझरला सांगायचं, ऑफिसच्या माणसांशी बोलायचं नाही असं पहिल्या दिवशीच बजावतात.

एकदा आगीचा सराव झाला. घंटा वाजली, सगळे खाली मैदानात गेले. यादी घेऊन एक मॅडम नावं वाचत होत्या. सगळी नावं झाली, सगळे हजर, त्यांनी वर कळवलं. आमचं एकाचंही नाव त्यात नव्हतं. आमची एक बाई तेव्हा वरच्या मजल्यावर स्वच्छतागृहात होती, मोटारचा आवाज, तिला घंटा ऐकूच गेली नव्हती. सराव होता म्हणून ठीक.

मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, ऑफिसला सांगितलं तर म्हणतील तुमची माणसं जागेवर राहत नाहीत, ठेका जाईल. म्हणजे ते तिथंच थांबलं. मग मी नियम मोडून त्या यादीवाल्या मॅडमनाच जिन्यात गाठून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. चांगल्या बाई आहेत. पुढच्या वेळेपासून गेटवर कार्ड दाखवून आत आलेल्या सगळ्यांची यादी निघते, रंग कुठलाही असो. मला कुणी काही बोललं नाही. पण बोलले असते तर माझ्या बाजूने कोण होतं?

डिलिव्हरी

ताई, तुम्हाला जिन्यात मॅडम तरी भेटल्या. आमच्यावरचा माणूस कोण तेच आम्हाला माहीत नाही. ॲप काम देतं, ॲप रेटिंग धरतं, ॲपच आयडी बंद करतं. पत्ता चुकीचा असला, ग्राहकाने फोन उचलला नाही, पावसात रस्ता बंद असला, सगळ्याचं उत्तर चॅटवर ठरलेली चार वाक्यं. पाचवी अडचण असेल तर तिला बटणच नाही. त्या ॲपमध्ये कुठला पर्याय ठेवायचा हे ठरवणाऱ्यांनी एकदा संध्याकाळच्या गर्दीत आमच्या मागच्या सीटवर बसावं. दुसरं काही मागणं नाही.

विमान देखभाल

आमच्या कामात विमान उड्डाणासाठी सोडायचं तर परवानाधारक अभियंत्याची सही लागते. ती सही माझी, जबाबदारी माझी. कायद्याने मी 'नाही' म्हणू शकतो आणि कुणी जबरदस्ती करू शकत नाही. ऐकायला उत्तम. प्रत्यक्षात प्रवासी गेटवर बसलेले असतात आणि फोन येत राहतात : 'झालं का?' कुणीही 'सही कर' म्हणत नाही. फक्त विचारतात, परत परत. दबाव आणायला आदेश लागत नाही. ज्या वरिष्ठांच्या हाताखाली मी शिकलो, ते अशा वेळी माझा फोन स्वतःकडे घ्यायचे. 'तो काम करतोय, माझ्याशी बोला,' म्हणायचे. वरच्या माणसाने खालच्यासाठी करण्यासारखी याहून उपयोगी गोष्ट मला माहीत नाही.

चुका कळवण्याबद्दल वर लिहिलं गेलंय, त्यात विमानक्षेत्राचा धडा जोडतो. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत टीडब्ल्यूए या कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान उतरताना डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. उतरण्याच्या सूचनांचा अर्थ लावण्यात गफलत झाली होती. चौकशीत कळलं की काही आठवड्यांपूर्वी युनायटेड या दुसऱ्या विमान कंपनीचं एक विमान त्याच ठिकाणी, तशाच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी कळवलं, युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावधही केलं. पण ते कंपनीच्या भिंतीबाहेर गेलं नाही.

त्यातून १९७६ मध्ये विमान सुरक्षा अहवाल यंत्रणा उभी राहिली. ती चालवायला दिली नासाकडे. विमान वाहतुकीची नियामक संस्था परवाना काढून घेऊ शकते, मग तिच्याकडे आपली चूक कोण लिहून पाठवणार? नासाकडे शिक्षेचा अधिकार नाही. नासा लिहिणाऱ्याची ओळख काढून टाकते आणि मजकूर सगळ्यांसाठी खुला करते. ऐकणारा आणि शिक्षा करणारा वेगळा ठेवला, तेव्हाच लोक लिहू लागले. ज्या कार्यालयांत तक्रारपेटीची किल्ली पगारवाढ ठरवणाऱ्याच्याच खिशात असते, त्यांनी यावर विचार करावा.

वरच्या जागेवरून

आमंत्रण होतं म्हणून लिहिते. मी एका बऱ्यापैकी मोठ्या संस्थेची प्रमुख आहे, सुरुवात काउंटरवरून केली होती.

वर गेल्यावर पहिली गोष्ट बदलते ती माणसांची भाषा. काल जो सहकारी 'हे जमणार नाही' म्हणायचा, तोच आज 'थोडी आव्हानं आहेत' म्हणतो. मी जाण्याआधी जागा रंगवली जाते. रांगा नाहीशा होतात. मी विचारते, काही अडचण? सगळे म्हणतात, नाही मॅडम. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना माझ्यानंतर त्यांच्या वरिष्ठाबरोबर रोज काम करायचं असतं.

टोयोटाचे ताइची ओनो यांच्याबद्दल सांगतात की ते व्यवस्थापकाला कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यात उभं करत आणि तासन्‌तास नुसतं बघायला लावत. विचारण्यापेक्षा बघणं मलाही जास्त देऊन गेलं आहे. तरीही बघणं पुरत नाही, कारण मी एकाच वेळी एकाच जागी असते. इंग्लंडमधल्या मिड स्टॅफर्डशायरच्या रुग्णसेवेची चौकशी झाली. तिचा २०१३ चा अहवाल आमच्या संचालक मंडळात मी मुद्दाम वाचायला लावला. २९० शिफारशी आहेत. तिथे रुग्णांची भयंकर हेळसांड झाली आणि तेव्हा मंडळाचं लक्ष ताळेबंद आणि उद्दिष्टांवर होतं. सांगणाऱ्या परिचारिका तिथेही होत्या. आम्ही तेव्हापासून बैठकीची सुरुवात आकड्यांनी करत नाही. एका तक्रारीचा पूर्ण प्रवास वाचून करतो, कुणी कधी सांगितली, कुणी काय उत्तर दिलं, किती दिवस पडून होती. ते ऐकणं अवघड जातं आणि काही संचालकांना अजून पटलेलं नाही.

मला तुम्हा सगळ्यांना विचारायचं आहे. माझ्यासारखी व्यक्ती तुमच्या जागी आली तर तिने काय केलं म्हणजे तुम्ही खरं बोलाल?

कारखाना, असेंब्ली लाइन

मॅडम, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आमच्या अनुभवावरून. दुपारच्या पाळीच्या शेवटच्या तासाला या, सकाळी नको. सकाळी सगळं नीटनेटकं असतं, शेवटच्या तासाला उरलेलं टार्गेट आणि थकलेली माणसं दिसतात. बरोबर कुणाला आणू नका, निदान आमच्या थेट साहेबांना तरी नाही. 'अडचण काय' विचारू नका, त्याला उत्तर 'काही नाही' हेच येतं. 'हे काम करताना तुम्ही स्वतःची अशी काय युक्ती काढली आहे' असं विचारा. प्रत्येकाकडे असते. कुणी वायर बांधलेली असते, कुणी पुठ्ठा लावलेला असतो, सिस्टरांनी चिठ्ठी ठेवली होती. माणूस ते अभिमानाने दाखवतो आणि जिथे युक्ती आहे तिथे तुमची व्यवस्था कमी पडते आहे.

आमच्या साहेबांनी लाइनच्या तोंडाशी एक फळा लावला आहे. कुणीही लिहायचं, नाव घातलं नाही तरी चालतं. समोर त्यांनी उत्तर आणि तारीख लिहायची. 'होणार नाही' असं उत्तर असलं तरी चालतं, त्यापुढं कारण लागतं. उत्तराशिवाय कुठलीही ओळ पुसायची परवानगी साहेबांनाही नाही. पंख्याची मागणी नामंजूर झाली, छताचा भार सोसणार नाही असं कारण लिहिलं होतं. आम्ही ते मान्य केलं आणि त्याखाली दुसऱ्याने लिहिलं की मग पाळीत विश्रांतीची वेळ बदला. ती बदलली.